ऊसतोड तळावरील तोंडतपासणी आणि एक लाल-पांढरा चट्टा : प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी या भागांतील ऊसतोड कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास घर सोडतात आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की मार्च-एप्रिलमध्ये गावी परततात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, जोडीच्या नावावर घेतलेली असते. दोघांतला एक जण आजारी पडला तरी काम जोडीचेच बुडते आणि खाडा, म्हणजे गैरहजेरीची कपात, लागतो. तोंडाच्या आजाराबद्दलच्या या लेखात हे आधी सांगण्याचे कारण एवढेच, की पुढचा प्रत्येक निर्णय या हिशेबाला अडखळला.

हे प्रकरण सांगली-कोल्हापूर पट्ट्यातील एका ऊसतोड तळावरचे आहे. तळावर 20 कोयत्यांची टोळी, म्हणजे 40 तोडणी कामगार, शिवाय त्यांची मुले आणि काही म्हातारी माणसे कोप्यांमध्ये, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांमध्ये, राहत होती. एका दंत महाविद्यालयाचे पथक तेथे तोंडाच्या अस्तराची तपासणी करायला गेले. त्यात दोन दंतवैद्य आणि एक सामाजिक कार्यकर्ती होती, आणि स्थानिक आशाताई सोबतीला होत्या. ओळख पटू नये म्हणून गाव, कारखाना, महिने आणि काही कौटुंबिक तपशील वगळले आहेत.

तोंडाचे अस्तर म्हणजे ओठांच्या आतून गालापर्यंत, जिभेखाली, टाळूवर आणि हिरड्यांवर पसरलेली ओलसर पातळ त्वचा. दात किडला तर ठणकतो, म्हणून माणूस दवाखान्याची वाट धरतो. अस्तरावरचा चट्टा मात्र वर्षानुवर्षे दुखत नाही. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात 26.6 टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरत होते, आणि बिनधुराची तंबाखू वापरणारे 24.4 टक्के होते. म्हणजे आपल्याकडची तंबाखू बहुतेक करून थेट अस्तराला लागून बसते. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, पण कच्ची सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदात घासून केलेला मावा नगर-बीडच्या टपऱ्यांवर मिळतोच, आणि भाजलेल्या तंबाखूची मिश्री तर बायका घरच्या तव्यावरच करतात.

या विषयावर महाराष्ट्रात काम झालेलेच नाही, असे नाही. पुणे जिल्ह्यातील 1,01,761 ग्रामस्थांच्या तोंडाच्या पाहणीचे निष्कर्ष 1972 मध्येच प्रसिद्ध झाले होते. पण घरोघर जाऊन केलेल्या मोजणीत घरी असलेला माणूसच मोजला जातो. जो ऑक्टोबरपासून घराला कुलूप लावून फडात आहे, तो ना गावच्या यादीत सापडतो ना कारखान्याच्या गावच्या.

अडचण

पथकाची पहिली भेट सकाळी अकराला झाली. तळावर म्हातारी माणसे, लहान मुले आणि दिवस भरत आलेल्या दोन बायका होत्या. तोडणारे सगळे पहाटे चारलाच फडात गेलेले. जे सापडले त्यांची तपासणी झाली. दोन मुलांच्या ओठांचे कोपरे फुटलेले होते आणि एका आजोबांच्या टाळूवर बिडीने आलेला पांढुरका थर होता. याच दिवशी तक्ता बंद केला असता तर ‘तळावर अस्तराचे गंभीर आजार जवळपास नाहीत’ असा अहवाल तयार झाला असता, आणि तो कागदावर अगदी नीट दिसला असता.

दुसरी अडचण प्रश्नावलीत होती. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला बहुतेक बायकांनी ‘नाही’ म्हटले, आणि त्या खोटे बोलत नव्हत्या. मिश्री लावणे हे त्यांच्या लेखी दात घासणे आहे, व्यसन नव्हे. सामाजिक कार्यकर्तीने प्रश्न बदलला : “ताई, दात कशानं घासता? दिवसातनं किती वेळा? लावल्यावर लगेच चूळ भरता की थोडा वेळ तशीच ठेवता?” उत्तरे लगेच पालटली. सकाळी एकदा, जेवणानंतर एकदा, निजायच्या आधी एकदा, आणि दर वेळी दहा-पंधरा मिनिटे. मिश्रीने अस्तराचे नुकसान किती होईल हे ती किती वेळा लावली यासोबतच ती किती वेळ धरून ठेवली यावरही ठरते, म्हणून तिसरा प्रश्न सोडून चालत नाही.

तिसरी अडचण उजेडाची. कोपीत पिवळा दिवा असतो. पिवळ्या उजेडात पांढरा चट्टा कसाबसा कळतो, पण लाल चट्टा आजूबाजूच्या गुलाबी अस्तरात मिसळून जातो. आणि जास्त धोक्याचा लालच असतो.

वेळेचे पर्याय

कामगारांना गाठायचे तीन मार्ग पथकापुढे होते. दुपारी भाकरीच्या वेळेला फडात जायचे, कारखाना दुरुस्तीसाठी थांबून तोड बंद होण्याची वाट पाहायची, किंवा संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत तळावर थांबायचे.

फडात उजेड उत्तम, पण हात धुवायला पाणी नाही, उसाच्या पाचटाची धूळ तोंडात असते आणि भाकरीनंतरची पंधरा मिनिटे म्हणजे त्यांची दिवसातली एकुलती विश्रांती. ती तपासणीत घालवणे योग्य नव्हते. तोड कधी बंद पडेल याचा भरवसा नाही. म्हणून संध्याकाळ ठरली, तीही लागोपाठ तीन दिवस, कारण गाडी भरायला रात्री काही पुरुष बाहेर असतात आणि एका संध्याकाळी पूर्ण टोळी कधीच सापडत नाही. पांढऱ्या उजेडाचे डोक्याला बांधायचे दोन दिवे, प्रत्येकासाठी दोन लाकडी चपट्या काड्या, जाळीदार कापडाचे बोळे, हातमोजे, मिलिमीटरची पट्टी आणि प्यायच्या पाण्याचा जार एवढे सामान पुरले.

तपासणीची पद्धत

आधी भरपूर चुळा. मिश्रीचा काळा थर आणि माव्याचा चोथा गेल्याशिवाय खालचे अस्तर दिसत नाही. मग ठरलेला क्रम : ओठ बाहेरून, ओठ उलटे करून आतून, ओठांचे कोपरे, दोन्ही गाल, हिरड्या आणि गालामधली खाच, बोळ्याने जिभेचे टोक धरून जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखालचा तळ, शेवटी टाळू. खाच पाहताना गाल काडीने बाहेर ओढावा लागतो. घाईत नेमकी तीच जागा राहून जाते, आणि मिश्री व मावा बसतात तिथेच. जिभेची मागची कडही अशीच निसटते.

पांढरे काही दिसले की बोळ्याने पुसून पाहायचे. पुसले गेले तर बुरशीचा संशय. पुसले गेले नाही तर बोटाने चाचपायचे. जागा कडक लागते का, कड उचललेली आहे का, चाचपताना रक्त येते का, हे पाहायचे. नंतर जबड्याखालच्या आणि मानेतल्या गाठी. तोंड किती उघडते ते वरच्या-खालच्या पुढच्या दातांच्या कडांमध्ये पट्टी धरून मोजायचे. स्वतःची तीन बोटे उभी आत गेली तर साधारण ठीक. 35 मिलिमीटरच्या आत उघडत असेल तर ते लिहून ठेवायचे. हे सगळे माणशी तीन-चार मिनिटांत होते.

नोंदीसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या तोंडतपासणीच्या नमुन्यातील सांकेतिक आकडे वापरले. त्यात एक तिढा येतो. अस्तराच्या आजारांच्या त्या यादीत सुपारीने होणाऱ्या सबम्युकस फायब्रोसिसला (अस्तर ताठ होऊन तोंड कमी उघडू लागते तो आजार) स्वतंत्र आकडा नाही, त्याची नोंद ‘इतर’मध्ये जाते. महाराष्ट्रात असा तक्ता जसाच्या तसा भरला तर आपल्याकडचा एक मोठा आजार ‘इतर’ या रकान्यात दिसेनासा होतो. पथकाने त्याच्यासाठी वेगळा रकाना आखला आणि शेजारी मिलिमीटर लिहिले.

टोळीत काय दिसले

एका टोळीच्या आकड्यांवरून टक्केवारी काढणे चुकीचे, म्हणून ती येथे दिलेली नाही. प्रकार मात्र सांगता येतात.

सर्वांत जास्त दिसले ते जिथे तंबाखू धरतात नेमके तिथले सुरकुतलेले, राखाडी-पांढरे, जाडसर अस्तर. पुरुषांत खालच्या ओठाच्या आत, मिश्री लावणाऱ्या बायकांत हिरडीलगतच्या खाचेत. तंबाखू सुटली की हे बहुधा काही आठवड्यांत पुष्कळसे निवळते. चुना जास्त झाल्याने भाजल्यासारखे सोललेले अस्तर दोघांना होते. एका बाईंनी दुखऱ्या दाताशी गोळी धरून ठेवली होती आणि तिथला गाल पांढरा पडला होता. तो आठ-दहा दिवसांत भरून आला. मावा खाणाऱ्या तरुणांमध्ये गालाचे अस्तर फिकट आणि ताठ झालेले होते. बोटाने चाचपले तर उभे पट्टे हाताला लागायचे आणि तिखट अजिबात सोसायचे नाही. सुपारी हे या सबम्युकस फायब्रोसिसचे मुख्य कारण आहे, तंबाखू नसलेल्या सुपारीनेही तो होतो. सुपारी स्वतःच कर्करोगकारक असल्याचा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये प्रसिद्ध केलेला आहे, तरी ‘नुसती सुपारी आहे, तंबाखू नाही’ हे वाक्य तळावर सारखे ऐकू येत होते.

बायकांमध्ये आणखी एक गोष्ट होती, जी तंबाखूच्या गर्दीत दुर्लक्षित राहते : गुळगुळीत, लालसर, आग होणारी जीभ आणि फुटलेले ओठांचे कोपरे. हे रक्तक्षयाचे लक्षण. लोह किंवा बी-12 कमी पडले की अस्तर पातळ होते, त्याची झीज भरून येत नाही, आणि त्याच पातळ अस्तरावर मिश्री घासली जाते. गरिबीचा तोंडाशी संबंध जोडताना सगळे बोट व्यसनाकडे दाखवले जाते. भाकरी, चटणी आणि कोरा चहा यांवर हंगाम काढणाऱ्या बाईच्या ताटात काय पडते, हेही तपासणीच्या कागदावर यायला हवे.

मुख्य रुग्ण

दुसऱ्या संध्याकाळी चाळिशीच्या आतल्या एक कामगार बाई आल्या. तक्रार होती, “तोंड आलंय, उष्णता झाली.” चार महिन्यांपासून डाव्या बाजूला तिखट झोंबत होते. औषधाच्या दुकानातून बी-कॉम्प्लेक्सच्या कॅप्सूल झाल्या, तुरटीच्या चुळा झाल्या, कात लावून झाला. मिश्री वीसेक वर्षे, दिवसातून तीन-चार वेळा, डाव्या खालच्या खाचेत.

डाव्या गालाच्या खालच्या भागात खाचेला लागून सुमारे 22 बाय 14 मिलिमीटरचा पांढरा चट्टा होता. पुसून जात नव्हता. त्याच्या मागच्या भागात 5-6 मिलिमीटरचा मखमली लाल ठिपका होता. कडकपणा नाही, मानेत गाठ नाही. नवरा मावा खाणारा, त्यांचे तोंड 28 मिलिमीटर उघडत होते.

एकसारखा पांढरा चट्टा आणि लाल मिसळलेला चट्टा यांत धोक्याचा फरक मोठा आहे. लाल भागात पेशींचे बदल, प्रसंगी सुरुवातीचा कर्करोगही सापडण्याची शक्यता बरीच जास्त असते. म्हणून या चट्ट्याला ‘पाहू हंगामानंतर’ म्हणता येणार नव्हते.

काय करायचे : तोललेले पर्याय

पहिला पर्याय चिठ्ठी देऊन गावी परतल्यावर जिल्हा रुग्णालयात जायला सांगण्याचा. त्यात खाडा नाही, भांडण नाही. पण परत जायला साडेतीन महिने होते, आणि परतल्यावर शेताची कामे, लग्नसराई आणि पाणीटंचाई समोर असते. अशा चिठ्ठ्या ट्रंकेत राहतात.

दुसरा पर्याय त्याच आठवड्यात महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेण्याचा. वैद्यकीयदृष्ट्या सर्वांत सरळ. अंतर चाळीसेक किलोमीटर, पूर्ण दिवस मोडणार, आणि बाईंसोबत नवराही गेला तर जोडीचे दोन्ही हात बंद. त्या पहिल्या दिवशी सरळ म्हणाल्या की उचल फिटल्याशिवाय त्यांना ‘पेशंट’ होता येणार नाही.

तिसरा, तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात तुकडा काढून तो तपासणीसाठी महाविद्यालयात पाठवण्याचा. अंतर नऊ किलोमीटर. दंतशल्यचिकित्सक तेथे होते, पण पेशींची तपासणी तेथे होत नव्हती.

चौथा पर्याय पाठ्यपुस्तकातला : कारण दूर करायचे, म्हणजे मिश्री बंद, टोचणारा दात असेल तर तो घासून घ्यायचा, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा पाहायचे. राहिलेल्या चट्ट्याची बायोप्सी करायची. निव्वळ पांढऱ्या चट्ट्यासाठी हाच योग्य मार्ग. लाल भाग असताना दोन आठवडे थांबावे का, यावर पथकात मतभेद झाला. जे थांबा म्हणत होते त्यांचा मुद्दा असा, की बाईंना पटायला आणि मुकादमाशी बोलायला तेवढा वेळ लागणारच आहे. जे नको म्हणत होते त्यांचा मुद्दा असा, की टोळी हलली तर बाई हातातून जातील.

चौथा आणि तिसरा जोडून घ्यायचे ठरले : 14 दिवसांत मिश्री बंद, मग ग्रामीण रुग्णालयात बायोप्सी. आमचे मत विचाराल तर लाल भाग दिसल्यावर बायोप्सीची तारीख त्याच संध्याकाळी पक्की करायला हवी होती. मिश्रीबंदी तारखेपर्यंत चालू ठेवता आली असती.

प्रत्यक्षात काय झाले

मिश्री सोडण्याची सर्वांत मोठी भीती ‘पोट साफ होणार नाही’ ही होती. बऱ्याच बायकांना हा अनुभव खरोखर येतो, कारण निकोटीन आतड्यांची हालचाल वाढवते. ते नाकारून उपयोग नाही. सकाळी उठल्यावर दोन पेले कोमट पाणी, भाजी मिळेल तेव्हा पालेभाजी, आणि चार वेळांवरून आठवडाभरात दोन वेळा, मग बंद, असा उतार ठरवून दिला. निकोटीनच्या च्युइंगमचा विचार झाला, पण चट्टा झोंबत असताना आणि नवऱ्याचे तोंड 28 मिलिमीटर उघडत असताना चघळायचे औषध दोघांनाही जमण्यासारखे नव्हते. त्वचेवर चिकटवायची पट्टी फडातल्या घामाने टिकत नाही. समुपदेशनासाठी 1800-11-2356 हा राष्ट्रीय मोफत क्रमांक दिला. फोन नवऱ्याकडे असल्याने बाईंना तो वापरता आला नाही.

बाराव्या दिवशी टोळी दुसऱ्या तळावर हलली. नोंदवलेला एकमेव क्रमांक नवऱ्याचा, तो बंद. शेवटी ट्रॅक्टर चालकाकडून मुकादमाचा क्रमांक मिळाला आणि पाच दिवसांनी त्या सापडल्या. चट्ट्याचा पांढरा भाग निम्म्याने निवळला होता. लाल ठिपका तसाच होता, उलट भोवतीचे पांढरे ओसरल्याने तो आता जास्त स्पष्ट दिसत होता.

मुकादमाशी बोलताना ‘कर्करोग’ हा शब्द वापरायचा नाही असे आधीच ठरले होते. निदान झालेले नव्हते, आणि टोळीत ही गोष्ट पसरली तर बाईंच्या पाण्याच्या भांड्याला कोणी हात लावणार नाही, ही भीती खरी होती. ‘तोंडातली जखम भरत नाही, एक दिवस दवाखान्यात लागेल’ एवढेच सांगितले. त्यांच्या नणंदेच्या कोयत्याने सावडीने, म्हणजे कामाच्या बदल्यात काम या रीतीने, त्या दिवसाची तोड उचलली, म्हणून खाडा लागला नाही. पुढच्या दोन्ही खेपांनाही हीच सावड कामी आली.

बायोप्सी बधिरीकरण देऊन 4 मिलिमीटरच्या पंचने (गोल तुकडा कापणाऱ्या हत्याराने) झाली. तुकडा 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये, तुकड्याच्या किमान दहापट द्रवात ठेवायचा असतो. मिठाच्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये पाठवलेला तुकडा तपासणीला निकामी होऊ शकतो. बाटलीवर, झाकणावर नव्हे, नाव, तारीख आणि जागा लिहिली. झाकणे प्रयोगशाळेत अदलाबदल होतात.

अहवाल आला : पृष्ठभाग जाड झालेला, पेशींचे धोकादायक बदल नाहीत. येथे प्रकरण बंद होऊ शकले असते. महाविद्यालयातील तज्ज्ञांनी चट्ट्याचा फोटो आणि अहवाल शेजारी ठेवून विचारले, तुकडा नेमका कुठून घेतला? चट्ट्याच्या पुढच्या, पांढऱ्या भागातून घेतला होता. तिथे हात सहज पोचतो, तर लाल ठिपका मागे होता आणि गाल ओढून धरायला दुसरे माणूस नव्हते. डोळ्यांना जे दिसते आणि अहवाल जे सांगतो त्यांचा मेळ बसत नसेल तर पुन्हा तुकडा घ्यायचा, हा नियम. दुसरी बायोप्सी महाविद्यालयात लाल भागातून, कडेच्या थोड्या निरोगी अस्तरासह झाली. अहवाल : मध्यम डिसप्लेसिया, म्हणजे पेशींचे बदल अस्तराच्या जाडीच्या मधल्या तिसऱ्या भागापर्यंत पोचलेले. कर्करोग नव्हे, पण वाऱ्यावर सोडण्यासारखेही नव्हे.

आता दोन मार्ग होते : मिश्री पूर्ण बंद ठेवून दर महिन्याला पाहणे, किंवा चट्टा काढून टाकणे. चट्टा काढला की पुढे कर्करोग होणारच नाही अशी हमी कोणीच देऊ शकत नाही, हे बाईंना आणि नवऱ्याला सांगितले. तरी स्थलांतरित कामगाराची दरमहा पाहणी होईल ही आशा त्याहून कच्ची होती. शिवाय काढलेला पूर्ण चट्टा तपासता येतो, पंचने घेतलेला तुकडा म्हणजे त्याचा एक कोपरा. काढायचे ठरले.

शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीत हिमोग्लोबिन 8.1 निघाले. शस्त्रक्रिया छोटी आणि फक्त बधिरीकरणाखालची असल्याने ती पुढे ढकलली नाही, पण लोहाच्या गोळ्या तेव्हा कुठे सुरू झाल्या. गोळी चहासोबत घ्यायची नाही, जमल्यास लिंबूपाण्यासोबत, हे आशाताईंनी दोनदा बजावले. चट्टा काही मिलिमीटर निरोगी कडेसह काढला. पूर्ण तुकड्याच्या अहवालातही मध्यम डिसप्लेसियाच होता, कडा स्वच्छ होत्या. चार दिवस तोड बंद, पातळ आणि बिनतिखट जेवण, दहाव्या दिवशी पुन्हा पाहणी. खर्च केसपेपर आणि औषधांपुरता आला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची गरज पडली नाही, पण अहवालात कर्करोग निघाला असता तर शिधापत्रिका लगेच लागली असती, आणि ती गावी सासूबाईंच्या पेटीत होती.

निष्पत्ती

टोळी गावी परतताना बाईंच्या हातात एक जाड कार्ड दिले. त्यावर तोंडाची आकृती, चट्ट्याची जागा, अहवालांचा एका ओळीतला सारांश आणि पुढच्या चार पाहण्यांचे महिने होते. गावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना फोटो पाठवून त्यांच्याशी प्रत्यक्ष बोलणे झाले. तीस वर्षांवरील व्यक्तींची तोंडतपासणी हे त्यांचे ठरलेले काम असल्याने वेगळी परवानगी लागली नाही.

तिसऱ्या महिन्याची पाहणी झाली, सहाव्याची चुकली, पुढच्या हंगामात तळावर पुन्हा झाली. डावीकडे चट्टा परतलेला नव्हता. मिश्री मात्र गावी गेल्यावर परत सुरू झाली होती, दिवसातून एकदा, ‘आता उजवीकडे लावते.’ उजव्या खाचेत नवे सुरकुतलेले पांढरे अस्तर तयार होत होते. तोंडाचे सगळे अस्तर एकाच तंबाखूत वर्षानुवर्षे भिजलेले असते, बाजू बदलून धोका कमी होत नाही. हे पहिल्या दिवशी कोणीच त्यांना सांगितले नव्हते.

नवऱ्याचे तोंड वर्षभरानेही 28-29 मिलिमीटरच उघडत होते. मावा सुटला, सुपारीचे तुकडे चालू राहिले. सबम्युकस फायब्रोसिसमध्ये ताठरलेले अस्तर पूर्ववत होत नाही. व्यसन थांबवले तर पुढची वाट रोखण्याची संधी मिळते, आणि आइसक्रीमच्या चपट्या काड्या दातांमध्ये एकावर एक रचून रोज व्यायाम केला तर आहे ते उघडणे टिकवता येते. व्यायाम त्यांनी आठवडाभर केला.

वेगळे काय करता आले असते

जोडप्याचा सल्ला एकत्र द्यायला हवा होता. बाईंच्या चट्ट्याभोवती सगळी धावपळ झाली आणि नवऱ्याच्या वाट्याला पाच मिनिटे आली. घरात एकाचा मावा चालू असताना दुसरीची मिश्री सुटणे अवघड असते. आणि गावी सासू, जावा, शेजारणी सगळ्याच मिश्री लावत असतील तर तळावरचे समुपदेशन गावच्या पहिल्या सकाळी संपते. गावच्या आशाताईंनी सासूबाईंशी बोलणे, हा उपचाराचाच भाग धरायला हवा.

पहिल्याच दिवशी तीन क्रमांक घ्यावेत : स्वतःचा, मुकादमाचा आणि गावी राहणाऱ्या एका नातेवाइकाचा. शिधापत्रिकेचा फोटो गावाहून त्याच आठवड्यात मागवावा. हिमोग्लोबिनची तपासणी आग होणाऱ्या जिभेसोबतच व्हावी, शस्त्रक्रियेची वाट पाहू नये. जागा निवडताना शंका असेल तर 1 टक्का टोल्युडिन ब्ल्यूने चट्टा रंगवून पाहता येतो. गडद निळा राहिलेला भाग बायोप्सीला घ्यावा. साध्या जखमाही हा रंग धरतात, म्हणून जागा निवडण्यापलीकडे त्यावर निदान बेतू नये.

नुसत्या डोळ्यांनी केलेल्या तपासणीने काही साधते का, ही शंका वाजवी आहे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात 1996 पासून प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी केलेल्या तपासणीच्या मोठ्या चाचणीत तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमधील तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू 34 टक्क्यांनी कमी असल्याचे 2005 मध्ये दिसून आले. पण ती माणसे आपापल्या घरी राहणारी होती, आणि पुन्हापुन्हा सापडत होती. ऊसतोड कामगाराला तोच लाभ मिळायचा तर तपासणीचे वेळापत्रक हंगामाला बांधावे लागेल.

प्रमाण किती, हे मांडणाऱ्या तक्त्यात चार आकडे वेगवेगळे असावेत : टोळीत नोंद असलेले, तळावर हजर असलेले, तपासलेले आणि तपासणीला नाही म्हणालेले. बायका-पुरुष वेगळे, आणि सवय कोणती ते वस्तूच्या नावाने : मिश्री, मावा, चुना-तंबाखू, सुपारी, बिडी. ‘तंबाखू : होय/नाही’ एवढ्याच रकान्याने या टोळीतल्या निम्म्या बायका निर्व्यसनी ठरल्या असत्या.

एक बदल पुढच्या वर्षासाठी ठरला आहे. टोळी निघण्याआधी, भाद्रपदात, मूळ गावीच आरोग्य मंदिरात तपासणी. त्या वेळी जोडपी घरी असतात, खाड्याचा प्रश्न नसतो, शिधापत्रिका जवळ असते आणि सासूबाईही समोर बसलेल्या असतात. संशयास्पद चट्टा सापडलाच, तर दसऱ्यापर्यंत बायोप्सी आणि अहवालासाठी तीन-चार आठवडे हातात राहतात.